'शेजार' आणि 'म्हणे' : एका संज्ञेची चिकित्सा

मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज ९५' या प्रणालीत, जाळ्याने जोडलेल्या अन्य संगणकांकडे नेणाऱ्या चित्राखाली 'नेटवर्क नेबरहूड' अशी अक्षरे होती. 'विंडोज २०००'मध्ये त्यांचे 'माय नेटवर्क प्लेसेस' झाले आणि 'व्हिस्टा'पासून (२००७) नुसते 'नेटवर्क' उरले. ही केवळ विक्रेत्याची हौस असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही.

'शेजार' हा शब्द प्रत्यक्ष दर्शनाची ग्वाही देतो. शेजारी दिवा लागला, तर तो आपणांस दिसतो. कोणी सांगावे लागत नाही. त्या खिडकीत मात्र दर्शन नव्हतेच, वार्ता होती. प्रत्येक संगणक दर १२ मिनिटांनी आपल्या अस्तित्वाची घोषणा करी. संगणकांच्या आपसांतील निवडणुकीने ठरलेला 'मास्टर ब्राउझर' त्या घोषणांची यादी ठेवी. आणि आपण पाहत असू ती बहुधा त्या यादीची प्रत. लागोपाठ तीन घोषणा चुकल्यावरच नाव गळे. म्हणजे अकस्मात बंद पडलेला संगणक ३६ मिनिटे यादीत नांदे; प्रत दर १५ मिनिटांनी नवी होत असल्यामुळे ही मुदत ५१ मिनिटांपर्यंत लांबे. उलट, यादीत नसलेल्या संगणकाचे नाव दोन उलट्या तिरक्या रेषांपुढे टंकित करावे, तर तो निमूटपणे उघडे!

'तो आला आहे' आणि 'तो आला आहे म्हणे' यांतील भेद मराठी भाषकास शिकवावा लागत नाही. त्या खिडकीतील प्रत्येक नावापुढे 'म्हणे' अध्याहृत होते. 'नेबरहूड' या शब्दाने ते झाकून टाकले. एका विभागातील बोलीच्या ध्वनिमुद्रणांचा सामायिक संग्रह यादीत दिसेना, म्हणून तो नष्ट झाला असे समजून एका विद्यार्थ्याने कित्येक मुलाखती पुन्हा घेतल्याचे माझ्या पाहण्यात आहे. संग्रह जागच्या जागी होता.

'माय' या सर्वनामाविषयी फार लिहावयास नको. वापरकर्त्याने स्वतः जोडलेले मार्ग तेथे असत, एवढ्यापुरते ते समर्थनीय. परंतु दुसऱ्याच्या संगणकावरील दप्तर त्याच्या अनुमतीवाचून 'माझे' होत नाही.

२०१७ पासून 'विंडोज १०'च्या नव्या स्थापनेत ही यादी-व्यवस्था सहसा येत नाही. तिच्या जागी संगणक विचारणेस स्वतः उत्तर देतात. तथापि परिभाषेचा प्रश्न उरतोच. 'ब्राउझ' यासाठी आपण 'चाळणे' योजतो. पण चाळावयास ग्रंथ हाती असावा लागतो. येथे घडते ते 'कानोसा घेणे'.