पुतळ्यातील हात आणि आबे फारियांचा शोध

मे महिन्याच्या सुट्टीत बोरिवली-अंधेरीच्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे गोव्यास जातात. पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यालगत, एका धर्मगुरूचा पुतळा उभा आहे. पुढे झुकलेला देह, पसरलेले हात आणि त्या हातांखाली मागे कलंडणारी स्त्री. मुले विचारतात, हे काय करीत आहेत? वडीलधारी मंडळी सांगतात, मंत्राने झोपवीत आहेत. उत्तर चुकीचे आहे. परंतु दोष उत्तर देणाऱ्याचा नसून पुतळ्याचा आहे, असे आमचे मत आहे.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे झाला. आईवडील पुढे विभक्त झाले. वडील धर्मगुरू झाले, आई धर्मभगिनी. १७७१ साली वडिलांनी मुलाला सोबत घेऊन गोवा सोडले. १७८० साली रोममध्ये फारियांना गुरुदीक्षा मिळाली आणि १७८८ साली ते पॅरिसला पोहोचले. फ्रेंच लोक धर्मगुरूला ‘आबे’ म्हणतात. तेच संबोधन त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याच्या मताचा बोलबाला होता. माणसांच्या शरीरांतून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि वैद्य तो हातांनी वळवून रोग बरे करतो, असे त्याचे म्हणणे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने या मताची परीक्षा केली. तीत फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखे दिग्गज शास्त्रज्ञ होते. प्रवाह वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम, असा निर्वाळा त्यांनी दिला. निर्वाळा योग्यच होता. परंतु कल्पनेने एवढे घडते तरी कसे, हा प्रश्न तसाच राहिला. फारियांनी नेमका तोच हाती घेतला, आणि त्यांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते.

१८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केले. माणसाला स्वस्थ बसवावे, डोळे मिटून मन झोपेवर एकाग्र करण्यास सांगावे आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा करावी, ही त्यांची रीत. नजरेसमोर हाताचा तळवा धरण्याचीही एक रीत होती. मात्र तळव्यातून काही निघते, असे त्यांनी कधी मानले नाही. निद्रेचे कारण झोपविणाऱ्याच्या प्रवाहात नाही, त्याच्या इच्छाशक्तीतही नाही. ते झोपणाऱ्याच्याच ठायी असते, हा त्यांचा सिद्धान्त. यात सैतानाचा हात आहे, असा आरोप करणाऱ्या धर्मनिष्ठांनाही त्यांनी हेच सांगितले: ही निसर्गाची गोष्ट आहे. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नव्हे. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर झोपतात, हे त्यांचे अनुमान पुढे टिकले नाही. परंतु मुख्य मुद्दा टिकला, आणि नान्सी येथील बर्नहाइमसारख्या वैद्यांनी शतकाच्या अखेरीस त्याचे श्रेय फारियांना दिले. फारिया मात्र १८१९ सालीच, आपले पुस्तक निघाले त्याच वर्षी, टवाळीचे धनी होऊन पॅरिसमध्ये निवर्तले होते.

आता पुन्हा पुतळ्याकडे पाहू. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली उभी राहिली. शिल्प म्हणून ती जोरकस आहे; झुकलेल्या देहातील वेग पाहणाऱ्यास जागीच थांबवितो. परंतु सारे सामर्थ्य त्या हातांत एकवटले आहे आणि स्त्री केवळ त्या सामर्थ्याची शिकार वाटते. म्हणजे शिल्पात फारिया आहेत आणि सिद्धान्त मात्र मेस्मरचा! ज्या समजुतीशी हा माणूस जन्मभर झगडला, तिचेच स्मारक त्याच्या नावाने उभे राहिले.

अलेक्झांदर द्यूमाने १८४४ ते १८४६ या काळात ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत फारिया हे नाव वापरले. तेथे तर अन्याय अधिक उघड आहे: गोव्याचा धर्मगुरू इटलीचा झाला, तुरुंगातील वेडा कैदी झाला, संमोहनाचा मागमूसही उरला नाही. तरीही आम्हांस ही कादंबरी पुतळ्याहून सत्याच्या जवळची वाटते. आपल्याला कोणी व का गोवले, हे तरुण दांतेसला ठाऊक नसते. म्हातारा फारिया त्याला उत्तर देत नाही. तो प्रश्न विचारीत जातो आणि दांतेसच्या स्वतःच्याच आठवणींतून उत्तर वर येते. जे घडते ते शिष्याच्या आत घडते. गुरू केवळ निमित्त. द्यूमाने शोध वगळला, परंतु शोधकाची वृत्ती त्याच्या लेखणीत नकळत उतरली.

हा केवळ कलेचा वाद नाही. डोक्यावर हात ठेवून आजार पळविणारे, नजरेने माणसे बांधणारे आजही उपनगरांत गर्दी जमवितात, आणि ‘मोहिनी घातली’ या भीतीने शहाणी घरेही दबतात. अशा वेळी एका धर्मगुरूचे वचन आपल्या कामी यावे: सत्ता त्या हातांत नाही. सामान्यज्ञानाची पुस्तके ‘संमोहनाचे जनक’ एवढेच सांगून थांबतात. शोधकाला पदवी देणे सोपे. त्याने काय नाकारले, हे सांगणे कठीण. शास्त्रज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्यांकडून आम्ही या कठीण गोष्टीची अपेक्षा करतो, आणि मराठीत फारियांचे असे चरित्र घरोघरी वाचले जावे, ही आमची इच्छा आहे.