मोकळ्या मैदानात ठराव का होत नाही?



2004 च्या जानेवारीत, 16 ते 21 तारखेला, गोरेगावच्या नेस्को मैदानात वर्ल्ड सोशल फोरम भरला होता. आमच्यापैकी बरेच जण तिथे होते. कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये सभा, बाहेर धुळीत ढोल-ताशे, शिस्तीत घोषणा देत जाणारे कोरियन कामगार, देशभरातून यात्रा काढून आलेले दलित कार्यकर्ते, तिबेटी भिक्षू. सुमारे 1 लाख माणसं. आठवणी काढायला बसलो तर रात्र पुरणार नाही. म्हणून आज आठवणी बाजूला ठेवू आणि तेव्हा टाळलेला प्रश्न विचारू. एवढी माणसं जमली, मग त्यांना मिळून काहीच का ठरवता आलं नाही?

थोडं मागे जाऊ. खाजगीकरण करा, अनुदानं कापा, बाजार खुले करा, याला दुसरा पर्यायच नाही, असं ऐंशीच्या दशकापासून जगाला सांगितलं जात होतं. 1999 मध्ये सिएटलला जागतिक व्यापार संघटनेची परिषद रस्त्यावरच्या निदर्शनांनी अडवली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे सांगणं खोडता येतं. दाव्होसला दर जानेवारीत उद्योगपती आणि मंत्री जमतात. 2001 मध्ये त्याच दिवसांत ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात पहिला सोशल फोरम भरला. घोषणा होती : दुसरं जग शक्य आहे.

पोर्तो आलेग्रेच का? कारण तिथे 1989 पासून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात लोकांचा सहभाग होता. वस्तीत सभा व्हायची. आधी गटार की आधी रस्ता, यावर लोक भांडायचे, मतदान करायचे, प्रतिनिधी निवडायचे. प्रतिनिधीची मुदत एक वर्षाची. नीट वागला नाही तर त्याला परत बोलावता यायचं.

आता गंमत बघा. ज्या शहरात वस्तीची सभा गटारावर निर्णय घेत होती, त्याच शहरात जमलेल्या जगाच्या सभेला नियम मिळाला की आपण निर्णय घ्यायचाच नाही! 2001 च्या सनदेतच ते आहे. फोरम ही मोकळी जागा आहे, तिच्या नावाने कोणी बोलणार नाही, सगळ्यांच्या वतीने ठराव होणार नाही. ज्यांना निवेदन काढायचं असेल त्यांनी आपापल्या नावाने काढावं. राजकीय पक्षांना पक्ष म्हणून जागा नाही.

या नियमामागे शहाणपण नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही. डाव्या चळवळींचा इतिहास आपल्याला माहीत आहे. एका ठरावातल्या एका शब्दावरून संघटना दुभंगल्या. ठराव नाही म्हटल्यावर भीती गेली. मच्छीमार, स्त्रीवादी, ट्रेड युनियनवाले, आदिवासी एका तंबूत बसले. मुंबईत तर जात, धर्मांधता आणि पितृसत्ता हे विषय युद्ध आणि जागतिकीकरणाच्या बरोबरीने मांडले गेले. जातीचा प्रश्न हा भारताचा घरगुती मामला नाही, हे जगभरातल्या लोकांनी इथे ऐकलं. ही कमाई छोटी नाही.

पण निर्णय घेतला नाही म्हणून सत्ता नाहीशी होते का? ती फक्त दिसेनाशी होते. पुढचा फोरम कुठे भरवायचा, पैसा कोणाकडून घ्यायचा, मोठ्या मंचावर कोण बसणार, हे कोणीतरी ठरवतच होतं. ते ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद आमच्यापैकी कोणी निवडून दिलेली नव्हती. पक्षांना जागा नाही म्हणायचं, पण पोर्तो आलेग्रेचा खर्च उचलण्यात कामगार पक्षाच्या सरकारांचा हात होता. 2003 मध्ये लुला राष्ट्राध्यक्ष झाले, पोर्तो आलेग्रेला बोलले आणि तिथून थेट दाव्होसला गेले. त्यांना जाब विचारायचा तर कोणाच्या नावाने विचारणार? फोरमला तर तोंडच नव्हतं.

दाबलेली गोष्ट मग मागच्या दाराने येते. 2005 मध्ये 19 नामवंतांनी एक जाहीरनामा काढला. त्यात सारामागो होते, गालेआनो होते, समीर अमीन होते. मागण्या चांगल्या होत्या, आम्हालाही पटल्या. पण दीड लाखांच्या मेळाव्यात 19 जणांचा कागद, हा मोकळ्या जागेचा विजय की पराभव? 2007 मध्ये नैरोबीत तर 500 शिलिंगांच्या प्रवेश शुल्कामुळे तिथल्याच झोपडपट्टीतले लोक दाराबाहेर राहिले. त्यांनी निदर्शनं केली तेव्हा दार उघडलं.

आता आपल्या घरचं सांगतो. गोरेगावहून लोकलने पाऊण तासावर गिरणगाव. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि उरल्या जमिनी. 1991 च्या नियमानुसार त्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि परवडणाऱ्या घरांना जायचा होता. 2001 मध्ये नियम बदलून तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता ठेवला, म्हणजे जवळजवळ संपवलाच. 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकालही गिरणीमालकांच्या बाजूने गेला. जागतिकीकरण म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? पण मैदानातल्या 1 लाख लोकांच्या नावाने गिरणी कामगाराच्या बाजूची एक ओळ निघू शकत नव्हती. सनदेतच ते बसत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एका ओळीने काय झालं असतं? निकाल फिरला नसता, मान्य. पण ठराव करायचा म्हटलं की वाद घालावा लागतो. जमीन कोणाची? घर कामगाराला की शहरातल्या प्रत्येक बेघराला? हा वाद झाला असता तर आम्हाला आमच्याच माणसांचं म्हणणं कळलं असतं. आम्ही काय केलं? सहा दिवस आपापल्या ओळखीच्या तंबूत बसलो, आधीच पटलेलं पुन्हा ऐकलं आणि खूश होऊन घरी आलो. ही चूक आमची.

हायवेपलीकडे तेव्हाच 'मुंबई रेझिस्टन्स' भरला होता. हा फोरम म्हणजे नुसती चर्चा, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण सगळ्यांना एका झेंड्याखाली उभं करण्याचा त्यांचा उपाय आम्हाला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

मग मधला रस्ता आहे का? आहे. 15 फेब्रुवारी 2003 आठवा. इराक युद्धाविरुद्ध जगभर शेकडो शहरांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. ही हाक नोव्हेंबर 2002 च्या फ्लॉरेन्सच्या युरोपीय फोरममधून निघाली आणि पोर्तो आलेग्रेत पसरली. ती दिली चळवळींच्या वेगळ्या सभेने. ज्यांना पटलं ते निघाले, इतरांवर सक्ती नव्हती. युद्ध थांबलं नाही, हे खरं. पण तारीख ठरली म्हणून लाखो लोक बाहेर पडले.

आणि आपल्याकडे वारी आहेच. माउलींच्या पालखीत समाजआरतीला चोपदार दंड वर करतो आणि अफाट समुदाय गप्प होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग तिचं ऐकून घेतात, तोड काढतात, तेव्हा आरती होते. वारीत सगळं समतेचं आहे असा आमचा दावा नाही. पण एवढ्या मोठ्या मेळ्यात तक्रार कशी करायची आणि ती कोणी ऐकायची, हे तिथे ठरलेलं आहे. सोशल फोरमला हा चोपदारही नव्हता आणि हा टाळही नव्हता.

फोरम संपलेला नाही. 2024 च्या फेब्रुवारीत तो काठमांडूत भरला. मधल्या काळात मात्र जागतिकीकरणाविरुद्धचा राग भिंती आणि आयातकराची भाषा बोलणाऱ्यांनी उचलला. त्यांना निर्णय घ्यायची लाज वाटत नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. मैदान मोकळं ठेवा, सगळ्यांना बोलू द्या, पण दर वेळी निदान एक प्रश्न असा घ्या ज्यावर वाद होईल, मत पडेल आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशेब द्यावा लागेल. पोर्तो आलेग्रेच्या वस्तीतल्या बायका-माणसांना हे गटाराच्या बाबतीत जमत होतं.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.