थंड हवेचं हिल स्टेशन

महाबळेश्वरबद्दलचा मराठी मजकूर वाचायला घेतला की पहिल्या दोन-तीन ओळींतच ‘थंड हवेचं हिल स्टेशन’ भेटतं. मग ते हॉटेलचं पत्रक असो, रीलखालची कॅप्शन असो की एखादं प्रवासवर्णन. पुढचा मजकूरही बराचसा ठरलेला. अशा सगळ्या मजकुराचा अर्क काढून मी नमुन्यादाखल एक वाक्य जुळवलंय: ‘सह्याद्री पर्वतातल्या घनदाट जंगलांच्या, निसर्गरम्य नैसर्गिक सौंदर्यानं नटलेलं, कृष्णा नदीचं मूळ उगमस्थान असलेलं हे प्राचीन, पुरातन ठिकाण प्रत्येकानं किमान एकदा तरी पाहावं.’

आता मोजा. ‘अद्री’ म्हणजेच पर्वत, म्हणजे सह्याद्रीत पर्वत आधीच आहे. निसर्ग दोनदा आला. उगमस्थान मूळच असतं. प्राचीन आणि पुरातन ही एकाच वयाची भावंडं. ‘किमान’ आणि ‘तरी’ यांतला एक जण नुसता बसून आहे. आणि ‘थंड हवेचं ठिकाण’ हा तर हिल स्टेशनसाठी मराठीत रुळलेला शब्द. म्हणजे ‘थंड हवेचं हिल स्टेशन’मध्ये मूळ शब्द आणि त्याचं भाषांतर एकाच खुर्चीत बसलेत.

शाळेत अशा जोड्यांवर आम्ही खूप हसायचो. पिवळा पीतांबर, काळी चंद्रकळा, गाईचं गोमूत्र, लेडीज बायका. आता त्यांत एटीएम मशीन आणि पिन नंबर यांची भर पडलीय, दोन्हींमधलं शेवटचं अक्षर सुटं करून बघा. पुढे कॉलेजात इंग्रजी लेखनाचे धडे घेतले आणि हसण्याला नियमाचं बळ मिळालं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका छापली. अनावश्यक शब्द काढून टाका, हा तिच्यातला सगळ्यात गाजलेला नियम. इंग्रजी शिकवणारे आजही ‘फ्री गिफ्ट’, ‘पास्ट हिस्टरी’ अशा जोड्यांच्या याद्या देतात आणि त्यांतला एक शब्द खोडायला लावतात. मी त्या याद्या पाठ केल्या होत्या.

मग एकदा आत्याचा लेख हातात आला. आत्या महाबळेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. गावच्या स्मरणिकेसाठी तिनं लहानपणच्या पावसाळ्यावर दोन पानं लिहिली होती. ‘तू शिकलेली आहेस, जरा नीट करून दे,’ म्हणाली. तिचं एक वाक्य असं होतं: ‘पाऊसपाणी सुरू व्हायच्या आत लाकूडफाटा भरायचा, मीठमिरची आणून ठेवायची, गुरंढोरं आत घ्यायची.’ मी लाल पेन चालवलं. ‘पाऊस सुरू होण्याआधी लाकूड भरायचं, मिरची आणायची, गुरं आत घ्यायची.’ आटोपशीर झालं म्हणून खूशही झाले.

आत्यानं ते दोनदा वाचलं. म्हणाली, ‘अगं, बरोबर आहे सगळं. पण नुसत्या लाकडानं चूल पेटते का?’

फाटा म्हणजे बारीक काटक्या, फांद्या. त्यांच्याशिवाय ओल्या हवेत मोठं लाकूड धरत नाही. मीठमिरची म्हणजे मीठ आणि मिरची एवढंच नव्हे, तर चार महिने बाजार गाठता येणार नाही म्हणून भरलेलं सगळं किडूकमिडूक. ज्या गावात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाआधी भिंतींना बाहेरून गवत किंवा प्लास्टिक बांधून घर झाकून घ्यावं लागतं, तिथं ‘पाऊस’ वेगळा आणि ‘पाऊसपाणी’ वेगळं. पाऊस आभाळातून पडतो. पाऊसपाणी म्हणजे त्यामुळे बदललेलं सगळं जगणं. मी चार शब्द वाचवले आणि तिचं घर रिकामं केलं.

तेव्हा कळलं की इंग्रजीची यादी मराठीवर सरसकट चालवता येत नाही. खरं तर ती इंग्रजीवरही सरसकट चालत नाही. ‘विल अँड टेस्टमेंट’ या कायद्यातल्या जोडीत पहिला शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, दुसरा लॅटिनमधून आलेला. दोन भाषा शेजारी नांदल्या की अशा जोड्या जमतात. आपल्याकडेही तेच झालं. ‘कागदपत्रं’मध्ये कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. धनदौलत, बाजारहाट यांचीही तीच गोष्ट. पण ‘कागदपत्रं घेऊन या’ असं कचेरीत सांगितलं तर कुणी कोरे कागद नेत नाही. जोडीतून तिसराच अर्थ तयार झालाय.

काही जोड्या तर आधी फालतू असतात आणि मग गरजेच्या होतात. तेल हा शब्द तिळावरूनच आलाय, म्हणजे ‘तिळाचं तेल’ ही द्विरुक्ती. पण शेंगदाण्याचं तेल आल्यावर ती लागतेच. रायगड किल्ला म्हणताना गड दोनदा येतो. पण 1981 मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तेव्हापासून ‘किल्ला’ म्हटल्यावाचून कधीकधी भागत नाही. ‘प्रतापगड किल्ला’ला ती सबब नाही, पण पहिल्यांदाच महाराष्ट्रात आलेल्या माणसाला सांगताना मी तेही सोडून देईन.

मग महाबळेश्वरवरच्या त्या वाक्यावर माझा राग का? कारण तिथले जोडशब्द काहीच करत नाहीत. एकेक शब्द खोडून ते वाक्य नीट केलं तरी उरतं काय? जंगलं, सौंदर्य, जुनं ठिकाण. महाबळेश्वर काढून माथेरान लिहा, एवढी नदी वगळली तर वाक्याला काही फरक पडत नाही. म्हणजे अख्खं वाक्यच द्विरुक्ती आहे, आधीच्या हजार वाक्यांची. लिहिणाऱ्यानं तिथं काही पाहिलेलंच नाही, म्हणून एका विशेषणावर भरवसा नाही आणि सोबतीला दुसरं आणलंय.

पाहिलं असतं तर लिहायला पुष्कळ आहे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा उलटी वळून सुमारे 1,400 किलोमीटर जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला साताऱ्याजवळ संगम माहुलीला पुन्हा भेटते, कोयना कऱ्हाडला. एवढं सांगितल्यावर ‘निसर्गरम्य’ म्हणायची गरज उरत नाही.

आत्याचं वाक्य मी होतं तसं परत लावलं. मग लेख पहिल्यापासून वाचला आणि ओशाळले. तिची पहिलीच ओळ होती: ‘आमचे गाव महाबळेश्वर या निसर्गरम्य थंड हवेच्या हिल स्टेशनजवळ वसलेले आहे.’ मी तिला हातही लावला नव्हता, कारण ती ‘लेखी’ वाटत होती. लाकूडफाटा बोलण्यातला, म्हणून चुकीचा वाटला होता.

आत्याला विचारलं, ही ओळ का लिहिलीस? ‘लेख असाच सुरू करतात ना?’ ती म्हणाली.

आम्ही ती ओळ काढली. तिचा लेख आता पाऊसपाण्यापासून सुरू होतो.