गस्त कमी, पहारेकरी हुशार. पण एप्रिलचं काय?

आजचा पेपर 2015 सालचा आहे. आमच्या क्षेत्राच्या मानाने जुनाच. तरी निवडला, कारण त्यातली युक्ती मला मनापासून आवडते आणि त्यातला एक हिशेब चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात जसाच्या तसा मान्य करता येत नाही. जॉर्जिया टेकच्या चिया-चेन चौ, प्रशांत नायर आणि मोइनुद्दीन कुरेशी यांनी तो डीएसएन परिषदेत मांडला होता. प्रश्न साधा आहे: फोन नुसता पडून असताना मेमरी जी वीज खाते ती कमी कशी करायची, आणि तीही आतली माहिती बिघडू न देता?

आधी थोडं मुळापासून. फोनच्या रॅममध्ये, म्हणजे डीरॅममध्ये, एक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. तो सतत गळत असतो. पूर्ण गळून जायच्या आत वाचून परत भरावा लागतो. यालाच रिफ्रेश म्हणतात. नेहमीचा दंडक असा की 64 मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा तरी रिफ्रेश झाली पाहिजे. तुम्ही झोपलात, फोन उशाशी आहे, तरी हे चालूच.

आपल्याकडच्या माणसाला हे वणव्याच्या उदाहरणाने लवकर समजेल. जंगलात आग लागू नये म्हणून दोन गोष्टी करता येतात. एक, गस्त वाढवायची. दुसरी, गस्त कमी ठेवायची, पण लागलेली आग तिथल्या तिथे विझवतील अशी तयारीची माणसं बसवायची. रिफ्रेश म्हणजे गस्त. आणि चूक-दुरुस्ती संकेत, म्हणजे ईसीसी, ही आग विझवणारी माणसं. मूळ माहितीसोबत काही जादा बिट साठवायचे आणि त्यांच्या आधारे कोणता बिट उलटला ते शोधून सरळ करायचा, ही कल्पना रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली मांडली.

माणसं तयारीची असली की गस्त कमी करता येते. अडचण एकच: जास्त बिट दुरुस्त करणारा संकेत सोडवायला वेळ लागतो, आणि फोन वापरात असताना तो वेळ जाणवतो. इथे पेपरची खरी कल्पकता आहे. फोन वापरात असेल तेव्हा हलका, एक बिट दुरुस्त करणारा संकेत. फोन निजला की त्याच जागेत भारी, 6 बिट दुरुस्त करणारा संकेत, आणि रिफ्रेश थेट 1 सेकंदाने. म्हणजे 16 पट कमी. लेखकांच्या मोजणीनुसार फोन पडून असताना मेमरीची वीज निम्म्यावर येते आणि वेगात घट 2 टक्क्यांच्या आतच राहते. घाई नसेल तेव्हा जड काम उरकून घ्यायचं, एवढीच ही गोष्ट आहे. पण ती आधी कुणीतरी सुचायला हवी ना!

जागेचा हिशेबही देखणा आहे. 64 बाइटांच्या ओळीमागे 64 जादा बिट धरले, तर 6 बिटांच्या दुरुस्तीला त्यातले 60 पुरतात. उरलेल्या 4 बिटांत सध्या कोणता संकेत चालू आहे याची खूण राहते. मात्र हे जादा बिट फुकट मिळत नाहीत. मेमरी साडेबारा टक्के वाढते, आणि साध्या फोनमध्ये ही जादा जागा नसते. स्वस्तातला फोन वापरणाऱ्याला हा फायदा मिळेलच असं नाही.

याआधी 2012 मध्ये जेमी लिउ, ओनुर मुत्लू आणि सहकाऱ्यांनी रेडर ही पद्धत मांडली होती. कोणत्या ओळी लवकर गळतात हे आधी तपासायचं आणि फक्त त्यांनाच वरचेवर भरायचं. रिफ्रेश 74.6 टक्क्यांनी कमी झाले. पण काही बिट लहरी असतात. आज चांगले, उद्या गळके. तपासणीची यादी शिळी होते. चौ यांच्या पद्धतीला अशी यादीच लागत नाही. हा तिचा मोठा गुण.

आता माझा आक्षेप. भार किती वेळ टिकतो हे तापमानावर ठरतं. ढोबळ नियम असा की 10 अंश वाढले की टिकण्याचा काळ साधारण निम्मा होतो. पेपरची खात्री मात्र 1 सेकंदाला बिट बिघडण्याचा एक ठरावीक दर धरून दिलेली आहे. बिट एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतात असं धरा. संकेत 6 चुका झेलतो, म्हणजे हरायला एका ओळीत 7 बिट एकदम बिघडायला हवेत. याची शक्यता त्या दराच्या सातव्या घाताने वाढते. दर दुप्पट झाला तर धोका 128 पट. दर 10 पट झाला तर धोका सुमारे 1 कोटी पट! भारी संकेत थंडीत जेवढा भक्कम, उन्हात तेवढ्याच वेगाने ढासळतो.

चंद्रपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या वर जातो. हवा 46 अंशांची म्हणजे चिपही 46 अंशांचीच असं नव्हे, आणि तेवढ्याने मेमरी लगेच कोलमडते असंही माझं म्हणणं नाही. पण दुपारी मोटारसायकलवर उन्हात लावलेला फोन आणि वातानुकूलित प्रयोगशाळेतला फोन यांना एकच दर लावणं बरोबर नाही. वन खातंसुद्धा वणव्याची तयारी फेब्रुवारीपासून वेगळी करतं. पावसाळ्यातली गस्त उन्हाळ्यात चालत नाही.

आणि चूक झालीच, तर भोगायचं कुणी? भामरागडकडच्या एखाद्या गावात आशाताई मलेरियाच्या तपासणीची नोंद फोनमध्ये भरतात. ती आधी रॅममध्ये असते, मग साठवणीत उतरते. रॅममध्ये बिघडलेला बिट तसाच खाली उतरतो. नेटवर्क नसेल, पर्लकोटेला पूर आला असेल, तर ती नोंद तशीच दिवसचे दिवस पडून राहते. शहरात बिघडलेला फोटो परत डाउनलोड होतो. इथे दुसरी प्रत नसते.

फायद्याची बाजूही इथे तपासून घ्यावी. मेमरीची वीज निम्मी म्हणजे बॅटरी दुप्पट टिकेल असं नाही. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवर शोधण्यातच बरीच बॅटरी घालवतो. त्यापुढे रिफ्रेशमधली बचत छोटी पडते. तरी ती नको असं मी म्हणणार नाही. वीज रोज मिळेलच याची खात्री नसलेल्या गावात थोडी बचतही कामाची.

उपाय अवघड नाही. फोनच्या मेमरीत तापमानाची नोंद ठेवणारी सोय आधीपासून असते आणि मेमरी कंट्रोलरला ती वाचता येते. मग 16 पटीचा आकडा पक्का कशाला ठेवायचा? गारव्यात 16 पट, तापलं की 8, आणखी तापलं की 4. बचत थोडी घटेल, पण वचन पाळलं जाईल. या पद्धतीचं मूल्यमापन मला अशा तक्त्याच्या रूपात वाचायला आवडेल: कोणत्या तापमानाला किती बचत आणि किती धोका.

थोडक्यात, पेपर जरूर वाचा. कल्पना टिकाऊ आहे. तिचा आकडा मात्र ऋतू पाहून वापरा. पुढच्या वेळी त्या लहरी बिटांबद्दल सविस्तर लिहीन. तोवर उन्हात तुमचा फोन आपोआप बंद पडत असेल, तर कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, ते खाली नक्की कळवा.