अकबराला न साधलेले

‘स्टेलारिस’ हा २०१६ साली स्वीडनमधून आलेला अंतराळसाम्राज्याचा संगणकी खेळ. भाच्याच्या नादाने मी त्याचा एक डाव अखेरपर्यंत खेळलो. इ. स. २२०० मध्ये एका ग्रहापासून आरंभ करावयाचा आणि तारे जिंकीत जावयाचे. मोक्याच्या ताऱ्यावर ठाणे बसविले, की शत्रूचे आरमार खोळंबते. दख्खनच्या वाटेवरील अशीरगडाचे मर्म कर्त्यांना नेमके उमगले आहे! परंतु जिंकलेल्या ग्रहाला नवे नाव दिले, की ते निमूट रुजते. १६०१ मध्ये अशीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे ‘दानदेश’ केले. आज जळगाव-धुळ्याच्या बाजारात ते नाव कोण घेतो? माझ्या साम्राज्यात मात्र तीनशे वर्षांत एकाही म्हातारीच्या तोंडून जुने नाव निघाले नाही.