डब्यापर्यंत पोचलेली कंपनी

आज बोलायचं ठरवलंय ते कंपन्यांमधल्या वेलनेस प्रोग्रॅमबद्दल. त्यातही नेमकं सांगायचं तर हे कार्यक्रम नोकरदार माणसाच्या खाण्यात काय बदल करतात, आणि काय बदलत नाहीत, याबद्दल. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये कंपनीने दिलेलं एखादं ॲप असेल. किती पावलं चाललात, किती ग्लास पाणी प्यायलात, दुपारी काय खाल्लंत. संध्याकाळी आठवण येते आणि आपण ती अंगठ्याने बाजूला सारतो. (हशा)

सुरुवात आमच्या अभ्यासगटातल्या एका मैत्रिणीपासून करतो. ती पुण्यात आयटी कंपनीत आहे. कुठल्या, ते सांगत नाही. वार्षिक तपासणीत तिची साखर हद्दीवर निघाली. लगेच आहाराचे मेल सुरू झाले. मग कंपनीने आहारतज्ज्ञांचं वेबिनार ठेवलं, 'रात्रीचं जेवण आठच्या आत'. वेळ संध्याकाळी साडेसात. आणि त्याच साडेसातला हिचा परदेशी क्लायंटबरोबरचा रोजचा कॉल. कॉल संपला साडेनऊला. वेबिनारला गैरहजर म्हणून ॲपवरचे गुण गेले ते वेगळेच. ती आम्हाला म्हणाली, "आठच्या आत जेव म्हणणारी कंपनी आणि साडेसातला कॉल लावणारी कंपनी एकच आहे ना रे?"

आजचं सगळं भाषण या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. आम्ही इथे आहारतज्ज्ञांची टिंगल करायला आलेलो नाही. आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले कितीतरी जण दिवसातलं एक जेवण तरी कामाच्या ठिकाणी करतात. तेव्हा कामाच्या जागी खाण्याचा विचार व्हायलाच हवा. प्रश्न आहे तो कसा होतो, आणि कोण करतं.

आता हे कार्यक्रम आले कुठून ते बघू. त्यांचा आजचा साचा मुख्यतः अमेरिकेतला. तिथे बहुसंख्य नोकरदारांचा आरोग्यविमा मालकाकडून येतो. कामगार आजारी पडला की बिल मालकाच्या खिशाला लागतं. म्हणून कामगाराने काय खावं यात मालकाला रस. २०१० मध्ये कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली. वेलनेसवर १ डॉलर खर्च केला की औषधोपचाराचे सुमारे ३.२७ डॉलर वाचतात आणि गैरहजेरीचे २.७३ डॉलर, असा आकडा निघाला. त्याच वर्षी तिथला नवा आरोग्य कायदा आला. २०१४ पासून विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत बक्षीस किंवा दंड अशा कार्यक्रमांशी जोडायची मुभा मिळाली. एकाला तीन! असा परतावा कोण सोडेल?

पण त्या आकड्यांत एक गोम होती. ज्या अभ्यासांवर ते उभे होते, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तुलना होती कार्यक्रमात आलेल्यांची न आलेल्यांशी. आता सांगा, सकाळी सातच्या योगवर्गाला कोण जातं? जो आधीच सहाला उठतो तो! (हशा) मग सहा महिन्यांनी 'आमच्या वर्गातले लोक जास्त निरोगी आहेत' असं सांगण्यात काय अर्थ?

याचा छडा लावायचा तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. काहींना कार्यक्रम द्यायचा, काहींना नाही, आणि निवड नशिबावर सोडायची. इलिनॉय विद्यापीठात २०१६ पासून सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांवर हे झालं. दिसलं असं की स्वतःहून भाग घेणारे आधीपासूनच कमी खर्चाचे आणि चांगल्या सवयींचे होते. चिठ्ठीने कार्यक्रम मिळालेल्यांचा औषधोपचाराचा खर्च, सवयी, गैरहजेरी यांत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. मग फरक पडला कशात? एक, तपासणी करून घेणारे वाढले. आणि दुसरं, जरा नीट ऐका, 'आमची संस्था आमच्या आरोग्याला महत्त्व देते' असं मानणारे वाढले. म्हणजे शरीरापेक्षा मालकाबद्दलचं मत सुधारलं.

दुसरा प्रयोग बीजेज होलसेल क्लब या घाऊक दुकानांच्या साखळीतला. १६० ठिकाणं, सुमारे ३३ हजार कर्मचारी, त्यांतली २० ठिकाणं चिठ्ठीने निवडलेली. दीड वर्ष, आठ पाठ, शिकवायला प्रशिक्षित आहारतज्ज्ञ. २०१९ मध्ये निकाल आले. नियमित व्यायाम करतो म्हणणारे शंभरामागे सुमारे ८ ने वाढले, वजनाकडे लक्ष देतो म्हणणारे १३-१४ ने. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन-उंचीचं प्रमाण यांत ठळक फरक नाही. आणि आपल्या विषयाचं काय? खाण्याच्या निवडीत, लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांतसुद्धा, ठळक फरक नाही. पुढे तीन वर्षांच्या पाहणीतही चित्र साधारण तेच राहिलं.

हा प्रयोग केला कोणी? साँग आणि बेकर यांनीच. २०१० मध्ये 'एकाला तीन' सांगणाऱ्या अभ्यासातलीच ही दोन नावं. स्वतःच्याच आकड्याची अधिक कडक परीक्षा घेतली आणि निकाल विरुद्ध आला तरी छापला. याबद्दल त्यांचा आदरच वाटला पाहिजे. खेद याचा, की वेलनेस विकणाऱ्यांच्या स्लाइडवर आजही पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

कोणी म्हणेल, म्हणजे कामाच्या ठिकाणी खाणं बदलूच शकत नाही? तसं नाही. २००९ मध्ये भारतातल्याच काही औद्योगिक वसाहतींतला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे वजन, रक्तदाब, साखर कमी झाल्याचं दिसलं. चिठ्ठ्या टाकून केलेला तो प्रयोग नव्हता, हे खरं, पण तो बाजूला ढकलावा असाही नाही.

आणखी एक उदाहरण बोस्टनमधलं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये २०१० साली पदार्थांवर सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल रंग लावले. तीन महिन्यांनी मांडणी बदलली. पाण्याच्या बाटल्या डोळ्यांच्या उंचीवर आणल्या, जेवणाच्या काउंटरजवळ टोपल्यांत ठेवल्या. लाल पदार्थांची विक्री घटली, पाण्याची वाढली, आणि दोन वर्षांनीही बदल टिकून होता. ॲप नाही, गुण नाहीत, वेबिनार नाही. पुढे तिथेच वैयक्तिक ईमेल पाठवून प्रयोग झाला, तेव्हा खरेदी आणखी सुधारली पण वजनात फरक पडला नाही. तेव्हा याचीही आरती ओवाळायला नको. पण एवढं दिसतं की उपदेशापेक्षा काउंटर जास्त बोलतो. ताटात काय येतं हे बरंचसं हाताशी काय आहे, किती रुपयांना आहे आणि जेवायला किती मिनिटं आहेत यावर ठरतं.

आता आमचा खरा आक्षेप. काउंटर कोणी लावायचा?

आपल्याकडे याला जुनं उत्तर आहे आणि ते कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ४६ बघा. २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची सक्ती करता येत होती. काय पदार्थ द्यायचे, काय दर लावायचे, याचे नियम सरकार करू शकत होतं. आणि कॅन्टीनच्या व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद त्यातच होती. २०२० च्या नव्या संहितेत कॅन्टीनसाठीचा आकडा १०० वर आणला, तोही कंत्राटी कामगार धरून. म्हणजे पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपण हे ओळखलं होतं की कामगाराचं ताट हा वाटाघाटीचा विषय आहे. उसळ पातळ झाली तर समितीत बोलता येत होतं. ॲपशी कोणी वाटाघाट करायची?

गिरणगाव आठवा. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाया सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. खाण्याचा प्रश्न तिथे पगाराशी, कर्जाशी, रांधणाऱ्या हातांशी जोडलेला होता. आजच्या वेलनेसमध्ये तो फक्त खाणाऱ्याच्या मनोनिग्रहाशी जोडला जातो. स्कोअर कमी आला? तुमची चूक. वडापाव खाल्लात? तुमची चूक. दोन मीटिंगांच्या मधल्या बारा मिनिटांत दुसरं काय खाता आलं असतं, हे ॲप विचारत नाही.

आणि वेळेचं शास्त्रसुद्धा आहे बरं का. बोस्टनमध्येच फ्रँक शीअर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की झोपेचं-जेवणाचं चक्र शरीराच्या घड्याळाशी उलटं केलं की काही दिवसांतच रक्तातली साखर वाढते आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन घटतं. माणसं मोजकी दहाच होती, पण प्रयोग काटेकोर होता. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसलं, की स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त. म्हणजे आमच्या मैत्रिणीची साखर तपासताना तिचं कॅलेंडरही तपासायला हवं होतं. ते कंपनीच्याच हातात होतं.

एक शेवटचा मुद्दा. हे कार्यक्रम कोणासाठी आहेत? त्याच इमारतीत गेटवर बारा तास उभे असणारे दादा, लादी पुसणाऱ्या मावशी. त्या कंत्राटदाराच्या माणसं, ॲप त्यांच्यासाठी नाही. आमच्यातल्या एकाने पाहिलंय, सॅलड काउंटरच्या मागच्याच जिन्यात बसून मावशी डबा खातात. भाकरी, लसणाची चटणी, कधी भाजी. आत बसायची परवानगी नाही. ज्या वेलनेसला हा जिना दिसत नाही, त्याला आम्ही आरोग्याचा कार्यक्रम कसं म्हणायचं?

मग करायचं काय? ॲप काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. ज्याला उपयोग होतो त्याने जरूर वापरावं. पण पुढच्या वेळी एचआरचा मेल आला की तीन गोष्टी विचारा. जेवणाची वेळ मीटिंगपासून राखीव आहे का? कॅन्टीनचा मेनू आणि दर ठरवताना आमच्यातलं, कंत्राटी लोकांतलं कोणी असतं का? आणि आम्ही काय खातो ही माहिती कोणाकडे जाते?

आमच्या मैत्रिणीने आणि तिच्या टीमने पहिला प्रश्न विचारला. खूप काही झालं नाही. आठवड्यातले दोन कॉल सकाळी हलले, तीन तिथेच राहिले. त्या दोन दिवशी ती घरी आईबरोबर आठला जेवते. ॲपवर त्याचे गुण मिळत नाहीत, कारण तिने ते नोंदवणं सोडून दिलंय.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.