पटकथेचा पगार कोण देतं?

‘स्टोरी सिटिंग’साठी खंडाळा-लोणावळा गाठायची हिंदी चित्रपटसृष्टीची जुनी रीत आहे. निर्मात्यानं हॉटेलात खोल्या घ्यायच्या, लेखक-दिग्दर्शकांना तिथं बसवायचं, चहा-भजी चालू ठेवायची आणि गोष्ट उतरली की सगळ्यांनी घाट उतरून मुंबई गाठायची. पुढं लोणावळ्यात ‘बिग बॉस’चं घरही बरीच वर्षं उभं राहिलं. एवढं सगळं होऊनही लोणावळ्याचा हा मावळ तालुका पडद्यावर दिसला तो धुकं, धबधबा आणि वळणाचा रस्ता म्हणूनच.

लोणावळ्याला खेटून असलेलं कुसगाव आज एक्सप्रेसवेचा टोलनाका आणि सिंहगड संस्थेचं कॉलेज यांमुळे ओळखलं जातं. खोपोलीकडून आखलेली एक्सप्रेसवेची ‘मिसिंग लिंक’ही याच बाजूला येऊन मिळते. इथल्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं सिनेमा लिहायचं मनावर घेतलं, तर एका अंगाला पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, दुसऱ्या अंगाला गोरेगावची चित्रनगरी. इन्स्टिट्यूट 1960 साली सुरू झाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात, आणि आता तिथं पटकथालेखन स्वतंत्रपणे शिकवलं जातं. रस्त्याचा प्रश्न मिटलेला आहे. लिहिण्याच्या काळात घर कशावर चालवायचं, हा प्रश्न मात्र पूर्वी होता तसाच आज आहे.

मराठी पटकथेच्या दर्जाबद्दल रडगाणं गाण्याचं कारण नाही. 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याची पटकथा शिवराम वाशीकरांची. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांची नावं सर्वांना पाठ असतात, वाशीकरांचं नाव सिनेमाच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणी घेत नाही. त्यानंतर आठ दशकं उलटल्यावर, 2020 साली, त्याच व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’ला मिळाला. गाण्यात थोर होण्याची आस बाळगून सामान्यच राहणाऱ्या गायकाची ती गोष्ट, बहुतांशी मराठीत.

या दोन टोकांच्या मध्ये विजय तेंडुलकर उभे आहेत. दिग्दर्शक जब्बार पटेलांसाठी त्यांनी ‘सामना’ लिहिला, जो 1975 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत होता. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून ‘सिंहासन’ लिहिला, शांता निसळांच्या ‘बेघर’वरून ‘उंबरठा’. तिकडे हिंदीत ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’. ‘मंथन’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘अर्धसत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. हिंदीतल्या तथाकथित समांतर सिनेमाचा बराचसा पाया मराठी दौतीतून आला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पण यांतला कोण निव्वळ पटकथेवर जगला? तेंडुलकरांमागे पत्रकारिता होती, नाटकं होती. ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ लिहिला, तरी त्यांची ओळख गीतकाराची. ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला, पण त्याची पटकथा लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत नोकरीला होते. आचार्य अत्र्यांबद्दल तर बोलायलाच नको: ‘श्यामची आई’ हा त्यांच्या पन्नास उद्योगांपैकी एक. पटकथा ही मराठी लेखकाची नेहमी दुसरी नाही तर तिसरी चूल राहिली.

म्हणूनच ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ची हकिगत पुन्हा पुन्हा सांगण्याजोगी आहे. तिशीही न गाठलेल्या ताम्हाणेला नट विवेक गोंबरनं लिहिण्याच्या काळात दरमहा ठरावीक रक्कम दिली. पटकथा हातात नव्हती, नटसंच नव्हता, आधी लिही एवढंच सांगणं होतं. पुढं रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचं साहाय्य मिळालं, गोंबरच निर्माता झाला आणि त्यानंच सिनेमातला बचाव पक्षाचा वकीलही केला. 2014 साली व्हेनिसमध्ये दोन मोठे पुरस्कार, त्यानंतर भारतातर्फे ऑस्करची प्रवेशिका. लोकांना पुरस्कार आठवतात. पण ‘कोर्ट’मध्ये न्यायालयातला कंटाळा, तारखा आणि फायलींची भाषा ज्या बारकाईनं उतरली आहे, ती खालच्या कोर्टांत जाऊन निवांत बसल्याशिवाय येत नाही, आणि निवांत बसायला महिन्याचं भाडं भागलेलं असावं लागतं. असे गोंबर मराठीत हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेही नाहीत.

गोंबर मिळत नाही तेव्हा लेखक दुसरी युक्ती करतो: तो केवळ लेखक राहतच नाही. गिरीश कुलकर्णींनी दिग्दर्शक उमेश कुलकर्णींबरोबर ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ केले. ‘देऊळ’साठी त्यांना अभिनयाचा आणि संवादांचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. परेश मोकाशी, सचिन कुंडलकर, नागराज मंजुळे यांनी लिहिलं आणि दिग्दर्शनही आपल्याच हातात ठेवलं. यात कलात्मक हट्ट आहेच, पण व्यवहारही आहे. दिग्दर्शकाचं नाव पोस्टरवर मोठं येतं, नटाला ओळख मिळते, लेखकाचं नाव मात्र श्रेयनामावलीत ‘कथा’, ‘पटकथा’ आणि ‘संवाद’ अशा तीन तुकड्यांत विखुरतं.

मावळाच्या शेजारच्याच तालुक्यातलं उदाहरण इथं सर्वांत जवळचं. प्रवीण तरडेंनी 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातला नान्या भाईही स्वतःच वठवला. पुण्याभोवतालच्या जमिनी विकल्या गेल्या, हातात आलेला पैसा दोन-चार वर्षांत संपला आणि कालच्या शेतकऱ्याचा पोरगा गुंडांच्या टोळीत गेला. या गोष्टीला संशोधनाची नाही, आजूबाजूला बघण्याची गरज होती. सिनेमात उणिवा आहेत. हिंसेचं गौरवीकरण नको म्हणता म्हणता तो तिच्यावरच भाळतो, आणि उत्तरार्धात भाषणं वाढतात. तरीही सातबाऱ्यावरून गेलेलं नाव आणि हातात आलेला कोयता यांतलं नातं इतकं थेट कुणी दाखवलं नव्हतं. 2021 मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावरून हिंदीत ‘अंतिम’ केला, सलमान खानला घेऊन. कुसगाव, वाकसई, पवनेच्या काठची गावं यांनीही धरणं, महामार्ग आणि बंगल्यांच्या स्कीमा पाहिल्या आहेत. मावळाचा ‘पॅटर्न’ अजून कुणी लिहायला घेतलेला दिसत नाही. धबधबा तेवढा पुन्हा पुन्हा शूट होतो.

मग पटकथा लिहून होईपर्यंतच्या मधल्या काळात पोट भरतं कशावर? मालिकांवर. पुरुषोत्तम करंडक आणि फिरोदिया या पुण्यातल्या महाविद्यालयीन स्पर्धांतून आलेली मुलं मुंबईला जातात आणि एपिसोडच्या हिशेबानं लिहू लागतात. पुरुषोत्तम 1963 पासून सुरू आहे, भरत नाट्य मंदिरातली त्याची गर्दी ओसरलेली नाही, आणि मराठी सिनेमाला लेखक-नट पुरवण्यात त्याचा वाटा कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा मोठा असावा. मालिकेत एक कथाविस्तार करतो, दुसरा पटकथा, तिसरा संवाद. चॅनेलचा क्रिएटिव्ह रात्री फोन करून ट्रॅक बदलायला सांगतो आणि सकाळी सेटवर पानं हवी असतात. हात वेगानं चालू लागतो, संवाद खटकेबाज होतात, मानधन वेळेवर आलं तर घरही चालतं. पण रोज बावीस मिनिटं भरायची सवय लागलेल्या हाताला दोन तासांची गोष्ट तोलता येईलच असं नाही. अलीकडच्या अनेक मराठी चित्रपटांत मध्यंतरानंतर जी दमछाक दिसते, तिचं मूळ इथं शोधायला हरकत नाही. प्रत्येक प्रसंग ठसठशीत, पण एकातून दुसरा निघत नाही. पात्रं मनातलं सगळं बोलून टाकतात, कारण नाटक आणि मालिका या दोन्ही शाळांत बोलण्यालाच गुण मिळतात. ‘विहीर’सारखा गप्प राहू शकणारा चित्रपट म्हणूनच विरळा.

अपवाद जिथं दिसतात, तिथं लेखिका बऱ्याचदा दिसतात, ही गेल्या दशकातली लक्षणीय गोष्ट. मधुगंधा कुलकर्णींची ‘एलिझाबेथ एकादशी’ पंढरपूरच्या एका सायकलीभोवती अख्खं घर उभं करते. पुढं मोकाशींबरोबर लिहिलेल्या ‘वाळवी’त तर बांधणी हाच नायक आहे: एका खुनाचा बेत आणि त्यातून फसत जाणारी माणसं, एकही प्रसंग काढून बाजूला ठेवता येत नाही. इरावती कर्णिकांनी ‘झिम्मा’त परदेशी सहलीला निघालेल्या बायकांची टोळी लिहिली, वैशाली नाईक यांनी ‘बाईपण भारी देवा’त सहा बहिणी. या दोन्हींनी चित्रपटगृहं भरली. बायकांचे सिनेमे चालत नाहीत, असं छातीठोकपणे सांगणारे निर्माते आता ‘तसंच काहीतरी’ मागत फिरतात. हाही एक धोकाच.

पैशाच्या प्रश्नात कायदा लेखकाच्या बाजूनं बराच पुढं आला आहे. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला दिला, आणि तो करारात लिहून सोडूनही देता येत नाही. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथेची नोंदणी होते. ती मालकीचा दाखला नसून अमुक तारखेला हे लिखाण अस्तित्वात होतं याचा पुरावा असते, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही. तरीही नॅरेशन फुकटच द्यायचं, चार ड्राफ्ट ‘बघू’ म्हणून द्यायचे आणि साइनिंगचे पैसे ‘हिरो नक्की झाला की’, ही वहिवाट सुटलेली नाही.

आणि राज्य सरकार? मराठी चित्रपटांना अनुदान मिळतं ते चित्रपट तयार झाल्यावर, परीक्षण होऊन. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख असा हिशेब राहिला. हा पैसा निर्मात्याच्या हाती जातो, लेखनाच्या टप्प्यावर त्यातलं काही पोचत नाही. एका ‘अ’ दर्जाच्या अनुदानाएवढ्या रकमेत दहा लेखकांना प्रत्येकी 4 लाख देऊन वर्षभर लिहायला बसवता येईल, मग ते कुसगावातले असोत की करमाळ्यातले. त्यांतल्या सहा पटकथा रद्दीत गेल्या असं धरलं, तरी 24 लाख वाया जातात आणि चार पटकथा हातात उरतात.